दप्तर मेजावरून बांधावर : ई-पीक पाहणीचा एक अभ्यास

गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा हे महसुली दप्तरातील दोन स्वतंत्र नमुने होत. ते एकाच कागदावर वर-खाली येतात, म्हणून लोकव्यवहारात त्या कागदास सातबारा हे नाव पडले. जमीन कोणाची, किती, तिच्यावर कोणाचा बोजा, हे वरचा भाग सांगतो. त्या जमिनीत या हंगामात काय पेरले, हे खालचा भाग सांगतो. वरच्या भागातील मजकूर वर्षानुवर्षे स्थिर राहू शकतो. खालचा मात्र दर हंगामाला नव्याने लिहावा लागतो. १९७१ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिकार अभिलेख व नोंदवह्या नियमांनुसार हे काम तलाठ्याकडे होते. पीक शेतात उभे असताना, गावाला आगाऊ सूचना देऊन, गावकऱ्यांच्या समक्ष शेतोशेत फिरून त्याने पिकांची नोंद घ्यावी, अशी ती अपेक्षा. एका सज्जात अनेक गावे, प्रत्येक गावात शेकडो गट आणि हंगाम थोड्या आठवड्यांचा. त्यामुळे शेतोशेत फिरणे पुष्कळदा चावडीत बसून चौकशी करण्यावर येऊन थांबे, आणि गतवर्षीचे पीक यंदाच्या रकान्यात उतरे. हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात या पद्धतीत मूलगामी बदल झाला. टाटा ट्रस्टच्या सहकार्याने विकसित करण्यात आलेली ई-पीक पाहणी ही योजना महसूल व कृषी या दोन्ही विभागांनी मिळून राज्यभर अमलात आणली आणि आपल्या पिकाची नोंद आपल्या भ्रमणध्वनीवरून करण्याचा अधिकार स्वतः खातेदारास मिळाला. 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीक पेरा' हे तिचे घोषवाक्य होते. कार्यालयातील मेजावर, प्रशिक्षित कर्मचाऱ्याच्या हातून चालणारे काम सामान्य माणसाच्या खिशातील यंत्रावर नेताना काय काय बदलते, याचा अभ्यास करण्यास याहून चांगले उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल. शाळेची हजेरी असो, अंगणवाडीची नोंदवही असो वा ग्रामपंचायतीची करवसुली असो, आज सर्वत्र हेच स्थलांतर चालू आहे. ते पडदा लहान करण्याचे तांत्रिक काम आहे, असा समज सार्वत्रिक आढळतो. वस्तुतः त्यात काम करणारा माणूस बदलतो, कामाची जागा बदलते आणि चुकीची जबाबदारीही एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते.

मेजावरची गृहीते

संगणकावरील कोणतीही कार्यालयीन आज्ञावली काही गोष्टी न सांगता गृहीत धरते. बसावयास खुर्ची आहे, डोक्यावर छप्पर आहे, वीज आहे, संपर्कजाल अखंड आहे. समोर रुंद पडदा असून हाताशी कळफलक व माउस आहे. शेजारी मूळ नोंदवही उघडी आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काम करणाऱ्यास विषयाची परिभाषा अवगत आहे. राज्यातील सातबारा अभिलेखाचे संगणकीकरण याच गृहीतांवर झाले आणि ते योग्यच होते. सुमारे अडीच कोटींच्या घरातील सातबारे संगणकावर आणणे, फेरफार संगणकाद्वारे नोंदविणे आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा नागरिकांना उपलब्ध करून देणे ही कामगिरी सामान्य नव्हे. तेथे चूक झाली तर ती करणारा व दुरुस्त करणारा, दोघेही एकाच यंत्रणेतील होते.

बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या बाबतीत यांपैकी एकही गृहीत टिकत नाही. उन्हात पडदा दिसत नाही. हाताला माती असते. एका हातात दावे असेल तर दुसऱ्या हाताचा अंगठाच काय तो मोकळा. मध्येच फोन वाजतो आणि अर्धा भरलेला नमुना पडद्याआड जातो. बॅटरी संपत आलेली असते. वर्षातून दोन-तीनदाच हे काम करावयाचे असल्याने गेल्या हंगामात शिकलेले या हंगामापर्यंत विसरले जाते. कार्यालयातील कर्मचाऱ्याचा हात जसा रोजच्या सरावाने बसतो, तसा येथे कधीच बसत नाही.

पडद्याच्या आकाराचा प्रश्न साध्या गणिताने समजू शकेल. सर्वसाधारण फोनची रुंदी सुमारे सत्तर मिलिमीटर असते. नमुना बारातील हंगाम, मिश्र पीक, निर्भेळ पीक, जलसिंचित, अजलसिंचित, सिंचनाचे साधन, शेरा असे डझनभर रकाने तेवढ्या रुंदीत शेजारी शेजारी मांडले, तर प्रत्येकाच्या वाट्यास सहा मिलिमीटरही येत नाहीत. बोटाने अचूक स्पर्श करता यावा यासाठी सुमारे नऊ मिलिमीटरचे क्षेत्र असावे, असा संकेत या क्षेत्रात रूढ आहे. याचा अर्थ तक्ता जसाच्या तसा लहान करणे व्यर्थ आहे. तो मोडून त्याचे प्रश्न करावे लागतात आणि एका पडद्यावर एकच प्रश्न ठेवावा लागतो: कोणता गट, कोणता हंगाम, पीक निर्भेळ की मिश्र, कोणते पीक, किती क्षेत्र, पाणी कशाचे, पेरणीची तारीख कोणती. ई-पीक पाहणीची रचना स्थूलमानाने अशीच आहे. खातेदाराने आपले नाव टंकलिखित करावयाचे नाही. गट क्रमांक, खाते क्रमांक किंवा नावावरून ते यादीतून शोधावयाचे. पिकांची नावेही यादीतूनच निवडावयाची. ही सोय वरवर क्षुल्लक वाटेल. पण ऱ्हस्व-दीर्घाच्या एका फरकाने दोन अभिलेख परस्परांशी जुळेनासे होतात, हे कोणत्याही तहसील कार्यालयात विचारले तर समजेल. जेथे निवडता येईल तेथे लिहावयास लावू नये, हा नियम देवनागरीच्या बाबतीत तर दुप्पट लागू आहे.

मात्र तक्ता मोडला की एक गोष्ट हातची जाते. नोंदवहीच्या पानावर संपूर्ण खाते एका दृष्टिक्षेपात दिसे. कोणता गट राहिला हे आपोआप ध्यानात येई. एकेक प्रश्न विचारणाऱ्या पडद्यावर तसे दिसत नाही. चार गटांच्या खातेदाराने तीन गट भरून फोन खिशात ठेवला, तर चौथ्याची आठवण त्याला कोण देणार? म्हणून शेवटी एक सारांशाचा पडदा लागतो, आणि त्यात भरलेल्या गटांइतकेच न भरलेले गटही ठळकपणे दाखवावे लागतात.

एकर, गुंठे आणि आर

क्षेत्राचा प्रश्न अधिक सविस्तर पाहण्याजोगा आहे. कारण येथे चूक होते ती यंत्राच्या दोषाने नव्हे, दोन भाषांमधील अंतरामुळे. सातबारा हेक्टर व आर यांत बोलतो. शेतकरी एकर व गुंठ्यांत बोलतो. चाळीस गुंठ्यांचा एकर, शंभर आरांचा हेक्टर. आणि एक गुंठा म्हणजे जवळजवळ एक आर. तलाठी चौकशी करीत असे तेव्हा शेतकरी 'दीड एकर सोयाबीन' असे म्हणे आणि तलाठी मनातल्या मनात हिशेब करून ०.६१ लिही. हा अनुवाद तलाठ्याच्या डोक्यात होत होता. तो कोणत्याही नियमात लिहिलेला नव्हता आणि म्हणूनच आज्ञावली रचणाऱ्यास तो सहजी दिसणारही नाही.

आता तोच शेतकरी स्वतः फोन हाती घेतो. दीड एकर म्हणजे एक एकर वीस गुंठे, हे त्याला तोंडपाठ आहे. समोरच्या चौकटीत तो १.२० असे भरतो. यंत्र ते एक हेक्टर वीस आर असे वाचते. एक हेक्टर वीस आर म्हणजे जवळपास तीन एकर. नोंद दुप्पट झाली. गटाचे एकूण क्षेत्रच एक हेक्टराहून कमी असेल तर यंत्र हरकत घेऊ शकेल. पण गट दोन हेक्टरांचा असेल तर ही चूक कोणत्याही तपासणीतून निसटून जाईल, कारण आकडा संभाव्य आहे. उलट प्रकारही होतो. साठ गुंठ्यांसाठी केवळ ६० असे भरले आणि यंत्राने ते नाकारले, तर गोंधळलेला माणूस काहीतरी स्वीकारले जाईपर्यंत आकडे बदलत राहतो.

यावरील उपाय अवघड नाहीत. हेक्टर आणि आर यांसाठी दोन वेगळ्या चौकटी असाव्यात. भरलेल्या आकड्याखाली लगेच 'म्हणजे सुमारे इतके एकर, इतके गुंठे' अशी ओळ दिसावी. खातेदाराने स्वतःच्या भाषेतील आकडा पाहिला की चूक त्याला तत्काळ कळेल. नोंदणीच्या काळात गावातील शाळेच्या शिक्षकांनी सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रमापनाच्या पाठात हेच रूपांतर घरच्या सातबाऱ्यावरून करावयास सांगितले, तर पुष्कळ घरांतील नोंद अधिक बिनचूक होईल. कारण फोन चालविणारे हात अनेक घरांत त्याच वयाचे असतात.

संपर्काविना झालेली नोंद

शेत जेथे असते तेथे संपर्कजाल असतेच असे नाही. डोंगरकपारीतील गावांत तर गावठाणातच ते मिळते आणि शिवारात नाहीसे होते. यासाठी ई-पीक पाहणीत नोंद प्रथम फोनमध्येच साठविण्याची आणि जाल मिळाल्यावर ती पुढे पाठविण्याची सोय ठेवण्यात आली. ही सोय नसती तर योजना शिवारात चाललीच नसती.

परंतु या सोयीबरोबर एक नवी अवस्था जन्मास आली; कागदी दप्तरात तिला जागा नव्हती. नोंदवहीत मजकूर एक तर लिहिलेला असे किंवा नसे. येथे नोंद झालेली आहे, पण ती अजून शासनाकडे पोचलेली नाही, अशी मधली स्थिती संभवते. शेतकऱ्याने छायाचित्र काढले, माहिती भरली, फोन खिशात टाकला. त्याच्या लेखी काम संपले. ती नोंद फोनमध्येच पडून आहे. दरम्यान फोन बिघडला किंवा जागा रिकामी करण्यासाठी मुलाने ॲप काढून टाकले, तर न पाठविलेली नोंद नष्ट होण्याचा धोका असतो. म्हणून साठविलेली आणि पोचलेली नोंद यांत पडद्यावर ढळढळीत फरक दिसला पाहिजे. 'जतन झाले' हा शब्द दोन्ही ठिकाणी वापरणे घातक आहे. टपालखात्यात पत्र पेटीत टाकणे आणि पोचपावती हाती येणे यांत लोक आजवर गल्लत करीत नव्हते. येथेही पोचपावतीच हवी.

याला जोडूनच मुदतीचा प्रश्न येतो. शेवटच्या दिवशी शिवारात घेतलेली नोंद दुसऱ्या दिवशी जाल मिळाल्यावर पोचली, तर ती मुदतीत धरावयाची की मुदतीबाहेर? मेजावरील आज्ञावलीत हा प्रश्न उद्भवतच नाही. भ्रमणध्वनीवर तो पहिल्याच हंगामात उद्भवतो, आणि त्याचे उत्तर तंत्रज्ञाने नव्हे तर प्रशासनाने द्यावयाचे असते. सामाईक खात्यातील दोघा भावांनी एकाच गटाची वेगवेगळी नोंद आपापल्या फोनवरून केली असता कोणती ग्राह्य धरावी, हाही त्याच जातीचा प्रश्न. तलाठ्याच्या हाती एकच नोंदवही होती, तोवर तो समोरासमोर मिटत असे.

छायाचित्र म्हणजे पुरावा का?

फोनला एक असे सामर्थ्य आहे जे मेजावरील संगणकास कधीच नव्हते. तो आपण कोठे आहोत हे सांगू शकतो आणि समोरचे दृश्य टिपू शकतो. ई-पीक पाहणीचा डोलारा यावरच उभा आहे. पिकाच्या छायाचित्राबरोबर अक्षांश-रेखांश व वेळ नोंदली जाते. १ ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश समाविष्ट करण्यात आले, त्यामुळे छायाचित्र घेणारा गटापासून किती दूर उभा आहे हे समजू लागले. त्याच आवृत्तीत खातेदाराची नोंद स्वयंप्रमाणित मानून किमान दहा टक्के नोंदींची पडताळणी तलाठ्याने करावी आणि केलेली नोंद खातेदारास ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्त करता यावी, अशा सुधारणा झाल्या. दुरुस्तीची ही तरतूद विशेष उल्लेखनीय आहे. अननुभवी हाती काम सोपवावयाचे तर चूक होणारच हे आधी मान्य करावे लागते. ज्या यंत्रणा ते मान्य करीत नाहीत त्यांत एकेक चूक अर्ज-विनंत्यांची मालिका होऊन बसते.

स्थाननिश्चितीच्या मर्यादाही जाणून घेतल्या पाहिजेत. मोकळ्या आकाशाखाली साधारण फोन सुमारे पाच मीटरपर्यंत अचूक स्थान सांगतो. दाट झाडीत वा डोंगराच्या कुशीत ही अचूकता घटते. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, अर्थात दहा मीटरांचा चौरस. मराठवाड्यातील सलग शिवारात पाच मीटरांच्या फरकाने बिघडत नाही. कोकणातील दोन-दोन गुंठ्यांच्या भातखाचरांत मात्र तेवढ्या फरकाने शेतकरी शेजाऱ्याच्या खाचरात उभा असल्याचे दिसू शकते. मध्यबिंदूपासूनचे अंतर मोजावयाचे तर लांबट, अरुंद पट्टीच्या गटात प्रामाणिक माणूसही दूर ठरतो. अशा वेळी यंत्राने नोंद सरसकट नाकारण्यापेक्षा ती शेऱ्यासह स्वीकारून पडताळणीसाठी पुढे पाठविणे अधिक न्याय्य होय.

आणि छायाचित्र आले म्हणजे सत्य आले, असेही नाही. रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी भ्रमणध्वनीवरील छायाचित्रासह दिवसातून दोनदा नोंदविणे १ जानेवारी २०२३ पासून देशभर बंधनकारक करण्यात आले. हजेरीपटातील बनावट नावे रोखणे हा त्यामागील हेतू होता. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून कळवावे लागले, की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे व छायाचित्रांचीच पुन्हा घेतलेली छायाचित्रे अपलोड होत आहेत. चित्र पाहणारा कोणी नसेल तर चित्राने काहीच सिद्ध होत नाही. ई-पीक पाहणीतील दहा टक्क्यांची पडताळणी म्हणूनच तिचा कणा आहे. ती कागदोपत्री उरली, तर चावडीत बसून केलेल्या जुन्या पाहणीहून ही पाहणी फारशी वेगळी राहणार नाही.

नोंद राहिली, तर

या साऱ्या तपशिलाचे महत्त्व २०२३ च्या खरीप हंगामाने दाखवून दिले. त्या हंगामातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना साहाय्य देण्याचा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतला. ०.२० हेक्टरपेक्षा कमी क्षेत्रास सरसकट एक हजार रुपये आणि त्याहून अधिक क्षेत्रास हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, असे त्याचे स्वरूप होते. ई-पीक पाहणीत नोंद असणे ही त्यासाठीची अट होती. पीक पेरले, पिकले, बाजारात विकलेही. पण फोनवर नोंद नव्हती म्हणून नाव यादीत नाही, अशी गाऱ्हाणी गावोगाव उठली. ऑगस्ट २०२४ मध्ये ती अट शिथिल करण्याचे जाहीर झाले आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद असलेल्यांनाही लाभ देण्याचे ठरले. नोंद करण्याची सोय आणि नोंद न केल्याची शिक्षा या दोन गोष्टी एकाच ॲपमध्ये एकत्र आल्या, की किती काळजी घ्यावी लागते ते येथे दिसले. दीड एकरवाल्याच्या दृष्टीने हा सुमारे तीन हजार रुपयांचा प्रश्न होता.

नोंद कोणाची राहते, हे पाहिले तर त्यात एक सूत्र आढळते. ज्या खातेदार स्त्रीच्या नावावर जमीन आहे, पण नोंदणीचा फोन घरातील पुरुषाच्या हाती आहे, तिची राहते. मुले शहरात गेलेल्या वृद्ध दांपत्याची राहते. बटाईने किंवा खंडाने कसणारा तर या रचनेत मुळातच बसत नाही. पडदा उघडतो तो खातेदाराच्या नावाने, कसणाऱ्याच्या नावाने नव्हे. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची मुभा सुरुवातीपासून ठेवण्यात आली, ती याच जाणिवेतून. पुढे २०२४ मध्ये केंद्र शासनाच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडलेली नवी आवृत्ती आली आणि शेतकऱ्यांकडून राहून गेलेल्या गटांची पाहणी करण्यासाठी सहायक नेमण्याची पद्धत पडली. तलाठी हे पदनामही त्याच वर्षी ग्राम महसूल अधिकारी असे झाले. यंत्र माणसाच्या हाती देऊन प्रशासनाला गावातून बाहेर पडता आले नाही. उलट गावात आणखी एक माणूस द्यावा लागला, आणि हे योग्यच झाले.

भाषेचा मुद्दाही येथेच सांगितला पाहिजे. पोषण ट्रॅकर ही आज्ञावली २०२१ मध्ये देशभर लागू झाली तेव्हा तिचे पडदे इंग्रजीत होते आणि अंगणवाडी सेविकांना दिलेल्या फोनची स्मरणक्षमता अपुरी होती. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील सेविकांनी ते फोन शासनास परत करण्याचे आंदोलन केले. त्याच महिन्यात सुरू झालेली ई-पीक पाहणी पहिल्या दिवसापासून मराठीत होती. तिच्या वाट्यास तक्रारी आल्या त्या क्षेत्राच्या, जालाच्या, मुदतीच्या. पडद्यावर काय लिहिले आहे हे कळत नाही, ही तक्रार तिच्याविषयी ऐकावी लागली नाही.

ग्रामपंचायतीला करता येण्याजोगे काम या रचनेतच उपलब्ध आहे. गावातील कोणत्या खातेदाराने कोणत्या पिकाची नोंद केली, ही यादी ई-पीक पाहणीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून कोणालाही पाहता येऊ लागली. पूर्वी पीकपाहणी गावकऱ्यांच्या समक्ष होई आणि चुकीची नोंद तेथल्या तेथे कोणीतरी बोलून दाखवी. फोनवर ती ज्याची त्याला एकट्याने करावी लागते. मुदत संपण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस आधी ग्रामसभेत ही यादी वाचून दाखवावी. ज्या गटांसमोर नोंद नाही ते गट क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. नोंद करण्यास घरी कोणी नाही अशा खातेदारांची नावे सरपंच व ग्राम महसूल अधिकारी यांनी मिळून सहायकाकडे द्यावीत. ही यादी करण्यास एक संध्याकाळ पुरते.